आडव्या झाडावरची पंगत

कुह्मोकडच्या आमच्या फिनिश गावात ताइमीला खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं तिनं टपाल वाटलं. निवृत्तीनंतर पायांना पत्ताच उरला नाही, तेव्हा ती जुन्या जंगलात शिरली. हातात दाढीचा आरसा. आडव्या पडलेल्या झाडाखाली तो सरकवायचा आणि खोडाच्या पोटाला चिकटलेली बुरशी बघायची. शेजारी म्हणून मी सोबत जाई, म्हणजे मागून धापा टाकी.

त्या शुक्रवारी तर ती जंगलात येरझाऱ्याच घालत होती. जंगल धाकट्या भावाचं, एरोचं, आणि सोमवारी तोडणीचं यंत्र येणार होतं. एरोच्या अंगणातली सरपणाची रास गावात सगळ्यात सरळ. पडलेलं झाड त्याला न आवरलेल्या अंथरुणासारखं दिसे. तरी तिनं त्याला ओढून आणलंच.

"काय बघायचंय? कुजलंय सगळं," एरो म्हणाला. "गाव मला हसतंय. म्हणे, एरोची बहीण ओंडक्यांना आरसा दाखवते."

"ओंडके रुसत नाहीत. तू रुसशील." ती गुडघ्यांवर बसली, लगेच उठली. "ही पंगत आहे, बाबा. आधी ही लाल पट्ट्याची बुरशी बसते. ती खोड पोखरून ठेवते, मग ही पांढरी. बोट लाव, लाल होते बघ. हिला दुसऱ्या कुणाचं उष्टं चालत नाही. पन्नास-साठ वर्षं चालतं हे जेवण. तू आत्ताच पानं उचललीस तर मागचे उपाशी."

"आणि जेवून करतात काय?"

ताइमी पुढच्या खोडाकडे निघालीही. एरो वैतागून ओढा ओलांडताना बुटात शिरलेलं पाणी काढायला शेजारच्या जुन्या खोडावर टेकला, तर खोड भसकन खचलं आणि तो मांडीपर्यंत आत गेला. मी हसू दाबलं. पण तो उठेना. खोडाच्या उरलेल्या लांबीवर सूचिपर्णी स्प्रूसची बोटभर रोपं उभी होती, एका रांगेत. सगळं तरुणपण रोपं लावण्यात घालवलेल्या एरोनं एक डोळा मिटून रांग तपासली.

"कुणी लावली ही?"

"जेवून उठलेल्यांनी. खाली दाट शेवाळात बी गुदमरतं. मऊ झालेल्या लाकडावर तगतं."

एरोनं तिथं बसूनच यंत्रवाल्याला फोन लावला. "ओढ्याच्या अलीकडचंच तोड. पलीकडे नको... पलीकडे माणसं कामाला लावलीत."

ताइमी तेव्हा भावाशेजारी बसली. मला वाटलं, आता घोटभर कॉफी तरी निवांत मिळेल. थर्मासचं झाकण उघडेपर्यंत ती आरसा घेऊन उभी.

"एरो, तुझ्या त्या सरपणाच्या राशीच्या तळाचा ओंडका काढून दाखव बरं. तिथंही पंगत बसली असेल."

एरोचा चेहरा खोडात खचतानाही इतका पडला नव्हता.