आमच्या समोरच्या फ्लॅटमधली टीव्ही स्टार

मार्ज काल दुपारी गेली. अमेरिकेतल्या एकाही पेपरात बातमी नाही.

एके काळी ती दुकानात शिरली की बाहेर गर्दी जमायची.

पासिर रिसला आमच्या कॉन्डोत ती समोरच राहायची. वय चौऱ्याण्णव. नवरा रिफायनरीत इंजिनिअर. त्याच्या नोकरीपायी अमेरिकेहून सिंगापूरला आली आणि तो गेल्यावरही इथेच राहिली. मीही जुरोंग आयलंडवर, रिफायनऱ्यांच्याच बेटावर, कामाला आहे कळल्यावर म्हणाली, "म्हणजे तुझ्याही कपड्यांना तो वास येत असणार!" तिथून ओळख.

पाच वर्षं रोज भेटत होतो. ती टीव्हीवर होती हे मला माहीतच नव्हतं.

कळलं ते माझ्या लेकीमुळे. इराची शाळेत स्टोरीटेलिंग कॉम्पिटिशन होती आणि ती भीतीने रडत बसली होती.

मार्ज तिला म्हणाली, "समोर एकच मूल बसलंय असं समज. फक्त त्याला सांग."

"आँटी, हाऊ यू नो?"

"मी रोज संध्याकाळी टीव्हीवर गोष्ट सांगायचे. सगळं लाइव्ह. चुकलं की चुकलं."

"वा, यू सो फेमस, अह?"

"होते," मार्ज म्हणाली आणि उठून किचनमध्ये गेली.

पुढचं तिने मला हळूहळू सांगितलं. टीव्ही नवीनच आला होता तेव्हाचा काळ. ती बावीस वर्षांची. मुलांचा कार्यक्रम, गोष्टी आणि गाणी. दिव्यांची उष्णता इतकी, की मेकअप गळ्यापर्यंत ओघळायचा. कार्यक्रमाच्या मधेच स्पॉन्सरची बिस्किटं हसत हसत खायची. मुलांची पत्रं पोत्यांनी यायची.

पियानो वाजवायचा वॉल्टर. कृष्णवर्णीय होता, म्हणून त्याला कॅमेऱ्याबाहेर बसवायचे. दिसलेच तर फक्त हात.

एका संध्याकाळी मार्जला काय वाटलं कोण जाणे. गाणं सुरू असताना ती उठली, त्याच्या बाकावर जाऊन बसली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गायली. कॅमेरा तिच्यामागे गेला. लाइव्ह होतं, कोण थांबवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोड्युसरने बोलावलं. बिस्किट कंपनीकडे तक्रारी आल्या होत्या. वॉल्टर जाईल, नाहीतर शो जाईल.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, विचार करते. दुपारपर्यंत केला. मग हो म्हटलं."

मग तीच पुढे म्हणाली,

"त्याला सांगायलासुद्धा गेले नाही. तो रिहर्सलला आला तेव्हा पियानोवर दुसराच माणूस बसला होता. त्याने हॅट उचलली. मला म्हणाला, गुड शो, मिस मार्ज. आणि गेला. त्या संध्याकाळी मी नेहमीसारखीच हसले. हसता आलं मला."

तीन वर्षांनी ती गरोदर राहिली. पोट दिसायला लागायच्या आत तिलाही काढलं. स्टुडिओत गेली तेव्हा दुसरी मुलगी तिच्या खुर्चीत बसून गोष्ट वाचत होती.

त्यानंतर एक-दोन जाहिराती. मग काहीच नाही.

आता इथे माझी चूक.

मला वाटलं, म्हातारीला आनंद देऊ या. तिला न विचारता मी अमेरिकेतल्या एका आर्काइव्हला मेल केला. तेव्हाचं बहुतेक सगळं रेकॉर्डिंग फेकून दिलेलं. पण चार मिनिटांची एक फिल्म सापडली. नेमकी तीच. बाकावरची.

मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. तिने पाहिली. मग पुन्हा लावायला सांगितली.

"तो माझ्याकडे बघत होता," ती म्हणाली. "किती घाबरलाय बघ. मला कधी कळलंच नाही. मी पूर्ण वेळ कॅमेऱ्याकडे बघत होते."

तिने स्क्रीन बंद केली. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

मग एके दिवशी बेल वाजवून म्हणाली, "त्याचं कोणी असेल तर शोध."

वॉल्टर कधीच वारला होता. त्याची मुलगी सापडली, निवृत्त शिक्षिका. मार्जने सांगितलं आणि मी टाइप केलं. सहा ओळी. 'तुमच्या वडिलांना काढायचं का असं मला विचारलं, मी हो म्हटलं. त्यांना हे माझ्याकडून कळायला हवं होतं.' बस.

मी म्हटलं, "शेवटी माफ करा असं लिहू या ना?"

"नको. म्हणजे त्यांच्याकडून अजून काहीतरी मागणं झालं."

चार महिने उत्तर नाही. ती रोज विचारायची. मी कंपनी बसमधून उतरले की आधी मेल बघायचे, मग तिचं दार वाजवायचे. नाही आलं, मार्ज.

गेल्या आठवड्यात ती हॉस्पिटलमध्ये असताना आलं.

मी कॉरिडॉरमध्ये वाचलं आणि तिथेच उभी राहिले. आत जाऊन खोटं सांगावं, असं मनात आलं. काहीतरी गोड बनवून सांगायचं. तिला कुठे कळणार होतं?

पण तिने माझा चेहरा पाहिला. "जसं आहे तसं वाच," म्हणाली.

वाचलं.

'माझे वडील नंतर आयुष्यभर शाळेत संगीत शिकवत होते. तुमचं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. आमच्या घरात त्यांनी टीव्ही येऊ दिला नाही, आम्ही खूप हट्ट करायचो. त्याचं कारण आज कळलं. कळवल्याबद्दल आभार. कृपया पुन्हा लिहू नका.'

मार्जने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली.

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. तिचा मुलगा अमेरिकेत आहे, तोही सत्तरीला टेकलेला, त्याला इतका प्रवास झेपत नाही. काल मी आणि तिची हेल्पर दोघीच होतो. हात धरला होता. तिला कळत होतं की नाही, सांगता येत नाही.

ती फिल्म मी या ग्रुपवर टाकणार नाही. दोघीजणी विचारतील, म्हणून आधीच सांगते.

इराने सकाळी विचारलं, "आई, वॉज शी अ बॅड पर्सन?"

मी म्हटलं, "नाही गं. तिने एक वाईट गोष्ट केली होती. आणि ती कधी विसरली नाही."

उद्या सकाळी मंडाईच्या स्मशानात अंत्यविधी आहे. माणसं फार नसतील. आमच्या ब्लॉकमधलं कोणी येणार असेल तर माझ्या गाडीत दोन जागा आहेत.

जा मार्ज. आमच्या घरातल्या तिघांचा तुला नमस्कार.