हद्दीच्या अलीकडे तीन फूट

शिकागोजवळच्या नेपरव्हिलचं ते घर आम्हाला पहिल्या भेटीतच आवडलं होतं. मागे जुना मेपल आणि मुलीची शाळा चालत जाण्याइतकी जवळ. आमची ऑफर मान्य झाली आणि कागदपत्रं येऊ लागली. त्यात प्लॉटचा एक नकाशा होता, घर विकणाऱ्या बाईंनी स्वतः ते विकत घेतलं तेव्हाचा.

"हाच चालेल," आमची एजंट म्हणाली. "तेव्हापासून काही बदललेलं नाही, असं त्या लिहून देतायत. नवा सर्व्हे करायचा तर तोही दोन प्रकारचा. एकात नुसता नकाशा मिळतो. दुसऱ्यात सर्व्हेअर चारही कोपरे शोधून खुंट्या ठोकून देतात, पण त्याला वेळ लागतो. क्लोजिंग, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्या, तीन आठवड्यांवर आल्यात."

नवऱ्याला तिचं पटलं. छप्पर, फर्नेस, तळघर सगळं इन्स्पेक्टरने तपासून झालं होतं. "जमीन कुठे पळून जातेय यार?" तो म्हणाला.

मला मात्र बाबांना विचारल्याशिवाय राहवेना. बाबा विदर्भात मोजणी खात्यात होते. हातभर धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरची लग्नं टाळलेली त्यांनी पाहिली होती. व्हिडिओ कॉलवर त्यांनी घराचं कौतुक वगैरे काही केलं नाही.

"हद्दीच्या खुणा पाहिल्या का?"

"नाही बाबा. नकाशा आहे ना."

"नकाशा तेव्हाचा. तू घर घेतेस आज. सही करायच्या आधी चारही कोपऱ्यांवर उभी राहून ये, बेटा."

मी खुंट्यांचा सर्व्हे सांगितला. नवरा दोन दिवस जरा घुश्शातच होता.

सर्व्हेअर म्हणून पन्नाशीच्या एक बाई आल्या. धातू शोधायचं यंत्र गवतावरून फिरवत त्या चालायच्या, यंत्र वाजलं की गुडघ्यांवर बसून खुरप्याने माती उकरायच्या. तीन कोपऱ्यांवर जुन्या लोखंडी सळया सापडल्या, चौथा त्यांनी मोजून काढला. मग दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तुम्ही पाहिलेलं बरं."

शेजारच्या घराच्या बाजूच्या दारातून एक लाकडी रॅम्प उतरत होता. दोरी बरोबर त्याच्यावरून गेली होती. रॅम्पचा जवळजवळ तीन फुटांचा पट्टा आमच्या बाजूला येत होता. जुन्या नकाशात तो नव्हताच, कारण तेव्हा तो बांधलेलाच नव्हता.

दोरी बघून शेजारी बाहेर आले. सत्तरीचे, उंच, निवृत्त स्कूल बस ड्रायव्हर. ते दोरीकडे बघत राहिले. मग कुणी काही विचारायच्या आत बोलू लागले. बायकोला पक्षाघात झाला, व्हीलचेअर आली. पुढच्या दाराला पाच पायऱ्या. तेव्हा एका उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या हाताने हा रॅम्प बांधला. आधी शेजारच्या, म्हणजे आम्हाला घर विकणाऱ्या बाईंना विचारलं होतं. "जरूर बांधा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. कागद कुणीच केला नव्हता.

"तुम्ही सांगाल तर काढीन," ते म्हणाले. "फक्त दुसरीकडे काही होईपर्यंत वेळ द्या."

खिडकीतून त्यांची बायको आमच्याकडे बघत होती. मी हात हलवला. तिने डावा हात थोडासा वर केला.

एजंटचा सल्ला सरळ होता. क्लोजिंगच्या आधी विकणाऱ्या बाईंकडून रॅम्प हटवून घ्या, नाहीतर उद्या तुम्हाला घर विकताना हाच प्रश्न येईल. तिचं चुकीचं नव्हतं. गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, "आपण जुन्याच नकाशावर घर घेतलं असतं तर?"

"तर कुंपण घालताना कळलं असतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि मी त्यांच्याशी भांडलो असतो. आपल्याला फसवलं असंच वाटलं असतं मला."

मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, "सो दे कॅन कीप इट, राइट?"

आम्ही वकिलाला विचारलं. तो म्हणाला, सोपं आहे, लेखी परवानगी द्या. जमीन तुमचीच राहील, आणि शेजाऱ्यांची बायको त्या घरात आहे तोवर रॅम्पही राहील. सर्व्हेअर बाईंनी नव्या नकाशात रॅम्प मोजून काढून दिला.

घर आमच्या नावावर झालं, आणि परवानगीच्या कागदावरची सही शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली. त्यांच्या बायकोला शब्द सापडायला वेळ लागत होता. आम्ही थांबलो. तिने कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "कुंपण?"

"रॅम्पच्या अलीकडून घालू," नवरा म्हणाला. "तुमची खुर्ची आरामात वळली पाहिजे."

शेजाऱ्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग कॉफी ओतायला उठले.

बाबांना मी नवा नकाशा पाठवला. त्यांनी तो मोठा करून करून पाहिला. त्यांच्या नोकरीत अतिक्रमणाचा असा निकाल लागलेला त्यांना आठवत नव्हता. "मोजणी चांगली केली आहे बाईने," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्या सर्व्हेअर बाईंबद्दलच विचारत राहिले. यंत्र कोणतं होतं, मदतनीस किती होते.

पहिल्या हिवाळ्यात बर्फ लवकर पडला. सकाळी खिडकीतून पाहिलं तर शेजारी कंबर धरत रॅम्पवरचा बर्फ काढत होते. नवरा बूट चढवून बाहेर गेला. आधी त्याने आमच्या बाजूचा पट्टा साफ केला. मग त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि दारापर्यंत वर गेला.