फर्स्ट इयरला सल्ला देणारी मी कोण!

मला वाटलं होतं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं घाबरलेली असतील आणि मी त्यांना धीर देईन. प्रत्यक्षात घाबरलेली मी निघाले आणि धीर त्यांनी दिला. तोही न मागता!

पाचवीत अकोला सोडलं. शाळा शिमल्याच्या बाजूला बोर्डिंगमध्ये, पुढचं सगळं बंगळुरूला. पण शिकवायचं ते आपल्याच भागात, हे डोक्यात पक्कं बसलेलं. अमरावतीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले आणि प्राचार्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "तुम्ही नवीन, तेही नवीन. फर्स्ट इयरचं मार्गदर्शन तुमच्याकडे!"

तेव्हापासून मला किस्से शोधावे लागत नाहीत. ते माझ्या आधी वर्गात येऊन बाक धरून बसलेले असतात. मैत्रिणीला फोनवर एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो, अगदी आमच्या मुलांसारखा.

* * *

पहिल्या दिवशी मी रात्रभर जागून केलेलं प्रेझेंटेशन घेऊन गेले. 'महाविद्यालयीन जीवनाची दहा सूत्रे'. वेळेचं नियोजन, आत्मविश्वास, ध्येय, सगळं होतं. तासभर बोलले. शेवटी विचारलं, "कुणाला काही शंका?"

मागून एक हात वर आला. दर्यापूरकडचा प्रज्वल.

"मॅडम, तुमी बातम्या वाचून राहिल्या होत्या का?"

वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, "माझं बोलणंच असं आहे."

"कोनच्या गावच्या तुमी?"

"अकोल्याची."

"मंग असं काहून बोलता?"

मी लॅपटॉप मिटायला घेतला. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन वेण्या, कपाळावर घाम, हातात वहीचा पंखा.

"मॅडम, आमाले सल्ला देल्ला ना, आता आमचा एक आयका. पंखा बंद करून बोलत जा. थो लय आवाज करते. मांगच्याइले तुमची तीनच सूत्रं आयकू आली."

ही प्रणाली. चांदूर बाजारच्या पुढच्या एका खेड्यातली. वडील झेंडू आणि शेवंती लावतात. ती रोज बसनं येते-जाते, म्हणजे इथल्या भाषेत 'अप-डाउन' करते. पंखा मी बंद केला. ती सूत्रं पुन्हा सांगायचं मात्र धाडस झालं नाही.

* * *

होस्टेलवर मुलगी सोडायची आमच्याकडे एक पद्धत आहे. मुलीसोबत आई-बाप येत नाहीत, गाव येतं!

फर्स्ट इयरच्या रोहिणीला सोडायला एक अख्खी गाडी भरून माणसं आली. मावशी, आत्या, दोन काका आणि 'अमरावती पाहाले' आलेले शेजारी. गादी उतरली, पापडाचा डबा उतरला, मग प्रत्येकानं एकेक सल्ला उतरवला. "उपाशी राहू नको." "मेसची डाळ पातळ असन त सांगजो." "कोनी रडवलं त फोन कर, आमी येतो." धाकटे काका तर गाडी सुरू करायच्या तयारीतच होते, म्हणजे रडवणाऱ्याची वाटही पाहायची नाही.

सगळ्यांत शेवटी मावशीनं तिला बाजूला घेतलं. मी मनात म्हटलं, आता काहीतरी खोल, आयुष्यभर पुरेल असं येणार.

मावशी म्हणाली, "बाई, एक ध्यानात ठेव. बादली कोनाले देऊ नको. मैत्रीण दुसरी भेटते, बादली नाही भेटत!"

बोर्डिंगच्या काळात गेलेल्या माझ्या सगळ्या बादल्या डोळ्यांपुढून सरकल्या. त्या संध्याकाळी दहा सूत्रांतलं 'ध्येय' काढून तिथं 'बादली' घातली. पुढच्या आठवड्यात तेच सूत्र मुलांनी सगळ्यात आधी वहीत उतरवलं.

* * *

बंगळुरूला आमचे एक प्राध्यापक म्हणायचे, "माझं दार तुमच्यासाठी नेहमी उघडं आहे." तिथं ते वाक्य ऐकून सगळे नम्रपणे हसायचे आणि कुणीही जायचं नाही. मी तेच वाक्य इथं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत अप-डाउनवाल्यांचे डबे आले. तिसऱ्या दिवशी एका मुलाच्या बाबांनी शेतातले पेरू पाठवले. मग बाबाच आले. "पोराले तेवढं सांगा, मिशी काढून टाक म्हना. माह्यं आयकत नाही, तुमचं आयकन." मग दुपारच्या बसला वेळ असलेल्या मुली येऊन बसायला लागल्या. एकदा तर मी वर्गावरून आले तेव्हा माझ्याच खुर्चीवर एक जण गाढ झोपला होता आणि बाकीचे त्याची झोप मोडू नये म्हणून कुजबुजत होते.

आमच्या विभागप्रमुख सरांना माझ्याकडे काही काम होतं. ते दारात आले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. पेरू खात असलेल्या प्रज्वलनं मान वर केली आणि अतिशय आदरानं सांगितलं,

"सर, नंबर लावा!"

* * *

पुढे मी एक खेळ घेतला. सगळे गोल बसा आणि कॉलेजात आल्यावर कशाची भीती वाटते ते एका शब्दात सांगा.

पहिला म्हणाला, "इंग्रजी." दुसरी, "इंग्रजी." तिसऱ्याला मी म्हटलं, जरा वेगळं सांग. तो विचार करून म्हणाला, "इंग्लिश." सगळा गोल इंग्रजीतच फिरला! शेवटी प्रणालीवर येऊन थांबला.

"मले इंग्रजीचं काई भेव नाही. थे त पाठ करून घेईन. मले साडेचारच्या बसचं भेव हाये."

कुणी हसलं नाही. अप-डाउन करणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. आमचं प्रॅक्टिकल साडेचारला संपतं आणि तिची बस साडेचारला सुटते. त्यानंतरची बस अंधार पडल्यावर तिला फाट्यावर सोडते, आणि फाट्यापासून गावापर्यंत शेतातली वाट. म्हणून प्रणाली दर प्रॅक्टिकलला ब्युरेट, म्हणजे ॲसिड मोजायची नळी, अर्धी सोडून पळायची. टायट्रेशनचे तीन रीडिंग सारखे जुळले तरच प्रयोग पुरा. सगळी प्रॅक्टिकलं अपुरी. आणि घरून स्पष्ट सांगून झालेलं, "दिवाळीपर्यंत पाहतो. असंच अर्धमुर्धं शिकाचं असन त नाव काढून आनू."

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मले शिकाचंच हाये, मॅडम. पन बाबा खोटं थोडी बोलून राहिले? अर्धमुर्धच त होऊन राहिलं."

* * *

मी पेटून उठले. असल्या गोष्टींसाठीच तर परत आले होते!

विभागप्रमुखांना म्हटलं, प्रॅक्टिकल सकाळी घेऊ. ते म्हणाले, "सकाळी लॅबमध्ये सेकंड इयर असतं. आणि मॅडम, टायट्रेशनले बसचं टाइमटेबल समजत नाही." प्राचार्य म्हणाले, "पाहू." स्टँडवर जाऊन अर्ज दिला, बस जरा उशिरा सोडा. तिथले साहेबही म्हणाले, "पाहू."

आनंदानं अकोल्याला मामांना फोन केला. "मामा, दोन ठिकाणी 'पाहू' म्हणालेत!"

मामा म्हणाले, "तुले लय लवकर बाहेर पाठवलं आमी. 'पाहू' म्हंजे नाही, बेटा!"

* * *

मध्ये सत्र परीक्षेची तोंडी झाली. बाहेरून आलेले परीक्षक कडक. प्रज्वलचा नंबर आला. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, हातावर ॲसिड सांडलं तर सगळ्यात आधी काय करशील?

आम्ही वर्गात हे इंग्रजीतून घोकून घेतलं होतं. प्रज्वलनं तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवून खरं सांगितलं,

"सर, आधी त मी बोंबलीन!"

मी डोळे मिटले. परीक्षक म्हणाले, "आणि मग?"

"मंग बोंबलत बोंबलत नळाखाली हात धरीन. पानी भरपूर. पुसाचं नाही, चोळाचं नाही, आन मॅडमले बोलवाचं."

परीक्षक खुर्चीला टेकले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर क्रम सांगितला!" म्हणाले आणि पूर्ण मार्क दिले. बाहेर आल्यावर त्या पोरानं सबंध व्हरांड्याला ओरडून सांगितलं, "बोंबलाचेही मार्क हायेत बे!"

* * *

आणि आता दिवाळीच्या आधीची ती दुपार.

प्रॅक्टिकल माझे सहकारी घेत होते. मी खोलीत होते. दारात एक गृहस्थ उभे राहिले. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, नखांत माती.

"मी प्रणालीचा बाप. तिचं नाव काढाले आलो होतो. ऑफिसवाले म्हनतात, उद्या या."

बंगळुरूत शिकलेले सगळे मुद्दे मी मांडले. मुलींचं शिक्षण, स्वतःच्या पायावर उभं राहणं, तिची हुशारी. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार हाये हे मले तुमच्याआधीपासून मालूम हाये. पन पुरं होत नसन त कायले तिचा जीव तोडाचा?"

मी म्हटलं, "मी आज तुमच्या घरी येते. तिच्या आईशीही बोलते. मग ठरवा."

"या ना. पाहुन्याले आमी नाही म्हनत नाही. चाला, पोरगी बसमधी भेटनच."

ते रोज पहाटे फुलांच्या टेम्पोतून येऊन सकाळीच परतायचे. साडेचारच्या बसमध्ये ते पहिल्यांदाच चढत होते, आणि मीही. बस भरलेली होती. आम्हाला मागे जागा मिळाली. प्रणाली मात्र दिसेना. साडेचार वाजून गेले. बस जागची हलेना. ड्रायव्हर स्टिअरिंगवर कोपर टेकून बसलेला, कंडक्टर दारात उभा राहून रस्त्याकडे पाहतोय.

बाबांनी पुढच्या बाकावरच्या बाईंना विचारलं, "काहून थांबून राहिली व बस?"

रिकामी भाजीची टोपली मांडीवर घेतलेल्या त्या बाई म्हणाल्या, "एक पोरगी हाये कॉलेजची. प्रॅक्टिकल करून राहिली. थे आल्याशिवाय नाही सुटत."

"असं कोनं ठरवलं?"

"कोनं म्हंजे? आमी ठरवलं!"

कंडक्टर वळून म्हणाला, "मी एक डाव मारली होती बेल, काकाजी. सारेच्या सारे खाली उतराले लागले. मंग रिकामी गाडी कोनासाठी नेऊ?"

"पन लोकाइले उशीर होते ना!" बाबांचा आवाज चढला.

"होते त होते," बाई म्हणाल्या. "घरी जाऊन सयपाकच त कराचा हाये. थ्या पोरीनं ॲसिड अर्ध्यावर टाकून यावं का? उतू गेलं म्हंजे?"

खिडकीजवळचे एक मास्तर समजुतीनं म्हणाले, "आधी थे बिचारी रोज पयत पयत येऊन रडत बसे. मंग मांगच्या हप्त्यात आमीच म्हटलं, पुरं करून येत जाय. बस कुठी पयून नाही जात."

बाबा जरा नरमले, पण हट्ट सुटला नाही. "अशी हाये तरी कोनाची थे पोरगी?"

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते परगावाहून आले आहेत.

"कोनाची म्हंजे? बसची!"

मी काही बोलणार, तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "आली, आली!" अंगात तसाच ॲप्रन, वेण्या सुटलेल्या, प्रणाली धापा टाकत पायरी चढली. सगळी बस एका आवाजात म्हणाली,

"जुळलं का?"

"जुळलं!" ती हात वर करून ओरडली. "तिन्ही रीडिंग सारखे!"

"वा, वा!" मास्तरांनी टाळी वाजवली. बाईंनी टोपली उचलून तिला जागा केली. ती बसायला वाकली आणि मागच्या बाकावर तिला बाप दिसला. ती वाकलेलीच राहिली.

कंडक्टरचा हात बेलच्या दोरीकडे गेला. बाबा ताडकन उभे राहिले.

"थांब ना बाप्पा! दम त घेऊ दे तिले!"

त्या रात्री प्रणालीच्या घरीच मुक्काम केला. जेवण झालं, शेवंतीचे भाव झाले, माझ्या लग्नाची चौकशीही झाली. नाव काढण्याचा विषय कुणीच काढला नाही. सकाळी अंगणात धुतलेला ॲप्रन वाळत होता आणि बाबा त्याच्या बाह्या सारख्या करत होते.

मी प्रणालीच्या आईला विचारलं, "चांदूर बाजारला मला भाड्यानं खोली मिळेल का? मीही तिथूनच अप-डाउन करीन म्हणते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खोली भेटन, मॅडम. पन टायमावर निघत जा. बस काई साऱ्याइसाठी नाही थांबत!"