छातीवरचा कॅमेरा

वनमाला परब अंधेरीच्या एका स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून नवऱ्या मुलींच्या चेहऱ्यांवरचे डाग घालवायची. कॅमेऱ्याला मात्र हात लावायचा नाही. "बायकांचा फोकस चुकतो," मालक गुणाजीशेठ म्हणायचे.

तिनं जुना कॅमेरा घेतला आणि लेन्सवरच्या रेषा स्वतःच शिकली. अंतराच्या कड्याखाली मधल्या खुणेच्या दोन्ही बाजूंना तेच आकडे असतात: ४, ८, ११, १६. उजेड आत घेणारं छिद्र सोळावर ठेवायचं, अनंताची खूण एका सोळासमोर आणायची. दुसऱ्या सोळासमोर सव्वा मीटर आलं, की सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ. कॅमेऱ्यात डोकावायचीही गरज नाही.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत वर्सोव्याची शेवंती कोळीण स्टुडिओत आली.

"बिल्डर कोर्टात सांगतो, आमची बोंबील वाळवायची जागा रिकामीच पडलीय. आणि त्याचीच माणसं आमचे बांबू उपटतात. फोटो काढून द्या."

"असल्या भानगडीत मी पडत नाही," शेठ म्हणाले.

वनमालानं पेन्सिल खाली ठेवली. "मी येते."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती किनाऱ्यावर पोचली, तेव्हा चार माणसं बांबू उपटत होती. एकजण अंगावर आला. "ए बाई, कॅमेरा डोळ्याला लावलास तर समुद्रात फेकीन!"

"नाही लावत," ती म्हणाली, आणि हललीही नाही. कॅमेरा छातीवर लटकत होता. पाय रोवून, त्याच्या डोळ्यांत बघत तिनं बटण दाबलं. शेवंती आणि बाकीच्या बायका शिव्या हासडत होत्या. त्या गोंगाटात खटका कुणाला ऐकू आला नाही. तिनं अख्खा रोल संपवला.

एकाच फोटोत सगळं आलं: पुढ्यात वाळूत पडलेले बोंबील, मधे बांबू उपटणारा, मागे बिल्डरची पाटी. पाटीवरचं अक्षरन् अक्षर वाचता येत होतं.

कोर्टात बिल्डरच्या वकिलानं विचारलं, "हे कुणी काढले?"

"मी."

"तुम्ही? तुम्ही तर फोटोवरचे डाग पुसता ना?"

"हो. म्हणून खरा डाग कुठला ते मला कळतं. निगेटिव्ह आणल्यात, उजेडात धरून बघा, पेन्सिल कुठेच लागलेली नाही."

बिल्डरच्या कामाला स्थगिती मिळाली. संध्याकाळी गुणाजीशेठ म्हणाले, "बिल्डरचा फोन आला होता. उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या कशाला? ही निघाले."

पुढच्या महिन्यात वर्सोव्यात शेवंतीच्या भाचीचं लग्न झालं. फोटो वनमालानं काढले.