मारोतराव कंडक्टर उभे राहिले तेव्हा

मारोतराव झाडे निवडणुकीच्या प्रत्येक सभेला जायचे, पण भाषण ऐकायचे नाहीत. सभा संपत आली की परतीच्या एसटीत जाऊन बसायचे. "गर्दी पाहू नको वं पोरी. घरी जाताना लोक काय बोलून राह्यले, थे आयक," असं मला सांगायचे.

सिंदी मेघेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. तीस वर्षं कंडक्टरकी केल्यामुळे कोणतं गाव जातीवर मत देतं, कोणतं रुसव्यावर आणि कोणतं शेवटच्या दिवशी फिरतं, हे त्यांना पाठ होतं. नव्वदच्या दशकात त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. अपक्षांची त्यांना भारी चीड. "थो निवडून येत नाई, दुसऱ्याले पाडते," म्हणायचे.

निवृत्तीनंतर तेच अपक्ष उभे राहिले.

आमच्या वस्तीला नळ नव्हता. टँकर आला की बायांची झोंबाझोंबी. नळयोजनेसाठी झटणारे एक प्राध्यापक, मारोतरावांचे जुने मित्र, त्या वेळी विधानसभा लढवत होते. तेव्हा विरोधी उमेदवाराची माणसं मारोतरावांच्या ओसरीवर येऊन बसू लागली. "काका, गावोगाव लोक तुमाले ओळखते. तुमीच काऊन नाई?" साऱ्या तालुक्याची नस ओळखणारा माणूस या एका वाक्याला भुलला. सर समजवायला आले, तर म्हणाले, "माह्या नावाची भीती वाटून राह्यली का, सर?" सर चहा न घेता उठले.

सर पडले. जितक्या मतांनी पडले, त्याहून जास्त मतं मारोतरावांना होती. संध्याकाळी विजयी मिरवणूक मुद्दाम आमच्या गल्लीत वळली. नवे आमदार जीपमधून उतरले, मारोतरावांच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "काका, तुमचे उपकार इसरनार नाई." शेजारीपाजारी बघत होते. मारोतराव गुलालाने माखून दारात तसेच उभे. हार काढायचंही त्यांना सुचलं नाही.

नळ पुढे कित्येक वर्षं आला नाही. टँकरचा भोंगा वाजला की ते आत जाऊन कडी लावत. सर नागपूरला निघून गेले. दोघांची भेट पुन्हा झाली नाही.

शेवटच्या आजारात मी त्यांच्या खाटेशी बसले होते. त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं, "काका, मी तुम्हालाच मत दिलं होतं."

 भिंतीकडे कूस वळवत ते म्हणाले, "काऊन देलं वं?"