सात नंबरची भुकटी

त्या दुष्काळात बीडच्या आमच्या कॉलेजातले नळ आटले होते. प्रयोगशाळेला दिवसाला टँकरच्या दोन बादल्या मिळायच्या. मी तिथं थायाझोलची संयुगं बनवायचे. गंधक आणि नायट्रोजन असलेलं पाच अणूंचं कडं, त्याला निरनिराळ्या शेपट्या जोडायच्या आणि जंतू मरतात का ते बघायचं. दोन वर्षं एकही जंतू मेला नाही. मग एकदा काचेच्या बशीत सात नंबरच्या भुकटीभोवती जंतू नसलेला स्वच्छ गोल उमटला, आणि काय सांगू, माझे पाय जमिनीवर ठरेनात.

आई तेव्हा सहकारी कारखान्याची ऊसतोड करून शिरूर कासारला परतली होती. कोयता पायावर बसला होता, जखम चिघळून पाऊल टम्म सुजलं होतं. दवाखान्याचं नाव काढलं की तिचं तोंड वाकडं. आणि मी शहाणी फोनवर सात नंबरची फुशारकी मारून बसले.

"मग लाव की माझ्या पायाला," ती म्हणाली. "दोन वर्सं कुणासाठी शिजवतीस?"

ते माणसाला लावायचं औषध नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी चिमूटभर भुकटी पुडीत बांधून मी एसटीत बसले. त्या पुडीची आजही लाज वाटते. पण आईचा पाय होता हो.

घरी आधी भांडी घासायला घेतली. पाण्याच्या तंगीत आमच्याकडं सगळी भांडी एकाच पाण्यात विसळायची. मी दूध डेअरीला न्यायची किटली पहिली बुडवली, तशी आई खेकसली, "किटली शेवटी. समद्या भांड्यांला वास लावतीस का?"

माझे हात तिथंच थांबले. पाणी तुटल्यापासून प्रयोगशाळेतही मी हेच करत होते. तुलनेसाठी बाजारातलं अँटिबायोटिक आधी, मग ड्रॉपर वाटीतल्या पाण्यात विसळून त्यानंच माझी विरघळवलेली संयुगं. वाटीतलं पाणी दिवसभर तेच. आणि त्या दिवशी अँटिबायोटिकनंतर पहिली पाळी सात नंबरची. म्हणजे जंतू मारले ते ड्रॉपरला चिकटून राहिलेल्या अँटिबायोटिकनं.

पुडी पर्समध्येच राहिली. रडत आईला सगळं सांगितलं आणि मिळेल त्या गाडीनं तिला बीडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आणखी दोन दिवस गेले असते तर पाऊल कापावं लागलं असतं, म्हणून डॉक्टरांनी मला फैलावर घेतलं. पाऊल वाचलं.

नंतर दरवेळी नवं पाणी घेऊन मी चाचणी पुन्हा लावली. सात नंबरभोवती काहीच नव्हतं. दवाखान्यात जाऊन आईला तेही सांगितलं.

घरी गेल्यावर तिनं आमच्या वाटणीच्या टँकरच्या पाण्यातला एक कॅन भरून कंडक्टरच्या हाती पाठवला. निरोप एवढाच होता, "आठ नंबरला नवं पाणी घे."