झोपलेला टॉवर

मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम मी शहापूरच्या कार्यालयातून करतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, तीही शिष्यवृत्तीवर. यंत्रांबद्दल मला आदर होता, पण माझ्या मुरबाड तालुक्यातली माणसं त्यांच्यापेक्षा आपल्यालाच जास्त कळतात अशी माझी खात्री होती.

म्हसा गावच्या जत्रेच्या दिवशी दुपारी पडद्यावर सूचना आली. माझ्या गावापलीकडच्या डोंगरावरचा टॉवर झोपला असावा. झोपलेला म्हणजे वीज चालू, दिवे हिरवे, पण फोन लागत नाहीत. असा टॉवर स्वतः तक्रार करत नाही. आमची संगणक प्रणालीच फोनची रोजची वर्दळ ओळखून असते आणि ती थांबली की शंका घेते.

शेजारी बसलेल्या आमच्या वरिष्ठ मॅडमकडे बघून मी हसलो. "मॅडम, जत्रेला अख्खं गाव रिकामं होतं. फोन करणार कोण?" कारणाच्या रकान्यात 'जत्रा' लिहून सूचना बंद केली.

दहा मिनिटांत सूचना पुन्हा आली. खोऱ्यापलीकडच्या टॉवरला त्याच डोंगरावरून एक फोन कसाबसा जोडला जात होता, तुटत होता, पुन्हा जोडला जात होता.

मॅडम म्हणाल्या, "गाव रिकामं ना? मग हा कोण धडपडतोय रे?"

इथूनच टॉवर बंद-चालू करून पाहिला. उपयोग झाला नाही. मोटरसायकल काढली.

टॉवरच्या अलीकडे कातळावर एक मुलगी फोन उंच धरून उभी होती. शेजारी तिची आई.

"टॉवरवाले ना तुमी? शिष्यवृत्तीचा फॉर्म आज पाचला बंद होतो, दादा. ओटीपी येईपर्यंत रेंजच राहत नाय."

"सगला गाव म्हशाला गेला," आई म्हणाली, "नि आमी दोघी माकडावानी इथं."

मी टॉवरखालच्या केबिनचं दार उघडलं. आत जाऊन बिघडलेलं सर्किट कार्ड बदललं. साडेचारला बाहेर आलो, तेव्हा मुलगी सहा आकडे मोठ्याने वाचत होती आणि आई एकेक आकडा तिच्यामागून म्हणत होती. फॉर्म वेळेत गेला.

शहापूरला परतल्यावर मी ती पहिली सूचना उघडली. आम्ही लिहिलेल्या कारणांवरूनच प्रणाली शिकते. माझा 'जत्रा' हा शब्द तसाच राहिला असता, तर पुढच्या जत्रेला ती त्या डोंगराकडे लक्ष देईनाशी झाली असती. मी तो शब्द खोडला आणि लिहिलं, 'बिघाड खरा होता.'